वडिलांचे मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, तरीही बहिणीचे हक्कसोडपत्र घ्यावे काय?

प्रश्न : शिवाजीपेठकर

नमस्कार. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गेल्या वर्षी वयाच्या ८१व्या वर्षी वारले. मागे आई, मी, पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ आणि सांगलीत दिलेली बहीण असे चौघे आहोत. वर्षश्राद्ध झाले, आता कागदपत्रे मार्गी लावावीत म्हणून बसलो, आणि जितक्या लोकांना विचारले तितकी वेगवेगळी उत्तरे मिळाली. म्हणून सर्व माहिती जशी आहे तशी येथे मांडतो.

मिळकती अशा आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील जुने घर आजोबांनी १९५८ मध्ये खरेदी केले. आजोबा १९७२ मध्ये आणि आजी १९८९ मध्ये वारली, आणि दोघांचेही मृत्युपत्र नव्हते. प्रॉपर्टी कार्डावर १९७३ पासून एकट्या अण्णांचे नाव आहे. करवीर तालुक्यातील आमच्या गावी अडीच एकर उसाची जमीन आहे. ती पणजोबांच्या वेळची असून, १९६४ मध्ये आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ आणि त्या वेळी विशीत असलेले अण्णा यांच्यात जे नोंदणीकृत वाटणीपत्र झाले, त्यात ती अण्णांच्या वाट्याला आली. आजोबांनी आपल्या वाट्याची जमीन पुढे विकून टाकली. तिसरी मिळकत म्हणजे राजारामपुरीतील सदनिका, जी अण्णांनी १९९६ मध्ये शिक्षकाच्या पगारातून घेतली. तिला नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव आहे. याखेरीज सहकारी बँकेत ठेवी, साखर कारखान्याचा शेअर आणि सेवा सोसायटीचे थोडे पीककर्ज आहे.

अण्णांनी २०१४ मध्ये दुय्यम निबंधकांकडे मृत्युपत्र नोंदवले. त्यात घर मला, सदनिका धाकट्याला, शेत आम्हा दोघा भावांना निम्मे-निम्मे, आणि आईला हयातभर घरात राहण्याचा हक्क असे लिहिले आहे. बहिणीविषयी एकच वाक्य आहे, की तिच्या लग्नात योग्य तो खर्च केला असल्याने तिला वेगळे काही देण्याची गरज नाही. ठेवींचा उल्लेख नाही. साक्षीदार दोन होते. शेजारचे काका आता नाहीत, आणि गडहिंग्लजचे आमचे मामा आहेत, पण ते ऐंशीच्या घरात आहेत. मृत्युपत्र झाले त्याच दिवशी बहिणीने १०० रुपयांच्या मुद्रांकावर ‘मला माहेरच्या मिळकतीत हिस्सा नको’ असे लिहून दिले होते. तो कागद नोटरी केलेला आहे, नोंदवलेला नाही.

मुंबईचे एक नातेवाईक म्हणतात, की प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, आणल्याशिवाय मृत्युपत्राला काडीचीही किंमत नाही. गावातील जाणती माणसे म्हणतात, की बहिणीचे लग्न १९९१ मध्ये, म्हणजे १९९४ च्या आधी झाले, त्यामुळे तिला हक्कच नाही. आणि कागदपत्रांची कामे करून देणारे एक गृहस्थ म्हणतात, की काही असो, तिचे हक्कसोडपत्र घेऊन ठेवा म्हणजे पुढे डोकेदुखी नको. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “दादा, तू म्हणशील तिथं सही करते.” त्या रात्री मला झोप लागली नाही. हक्कच नसेल तर सही कशाला घ्यायची, आणि हक्क असेल तर ती न सांगता कशी घ्यायची, हा माझा खरा प्रश्न आहे.

उत्तर : बावड्याच्या वाटेवर

मी येथील न्यायसंकुलात गेली बावीस वर्षे दिवाणी दावे चालवते. आपल्या शेवटच्या वाक्यातच उत्तराची दिशा आहे, तरी क्रमाने सांगते.

प्रोबेटची सक्ती ही आपल्याकडची गोष्ट कधीच नव्हती. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ५७ आणि २१३ एकत्र वाचली, की हिंदूंच्या मृत्युपत्राला ती सक्ती मुंबई आणि मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रापुरती आणि जुन्या बंगाल प्रांतापुरती होती, असे दिसते. आपल्या नातेवाइकांचा अनुभव मुंबई शहराचा आहे, म्हणून ते तसे म्हणतात. आता तर २०२५ च्या डिसेंबरात संसदेने कलम २१३ वगळलेच आहे. शिवाय प्रोबेट मिळते ते मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणाऱ्याला, आणि अण्णांनी तसे कोणाला नेमल्याचे आपण लिहिलेले नाही. न्यायालयाचा शिक्का हवाच असेल तर जिल्हा न्यायालयातून मृत्युपत्रासह व्यवस्थापनपत्र मागता येते. ते सक्तीचे नाही, परंतु मामांच्या वयाकडे पाहता त्याचा विचार जरूर करा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि ते सिद्ध करताना हयात असलेल्यांपैकी किमान एकाची साक्ष लागते. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र आपोआप सिद्ध झाले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. मामा आहेत तोवर निदान त्यांचे प्रतिज्ञापत्र तरी करून ठेवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मृत्युपत्राने माणसाला स्वतःचे असेल तेवढेच देता येते. त्यामुळे ‘मृत्युपत्रात काय लिहिले आहे’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘त्यातले अण्णांचे किती होते’ हा आहे. आपल्या तीनही मिळकतींचे मूळ वेगवेगळे आहे, म्हणून तीनही ठिकाणी उत्तर वेगळे येते.

सदनिका अण्णांची स्वकष्टार्जित. ती त्यांनी धाकट्याला दिली, तो त्यांचा अधिकार. नॉमिनेशनमुळे मालकी येत नाही, नॉमिनी हा संस्थेच्या दृष्टीने तात्पुरता ताबेदार असतो, पण येथे नॉमिनी आणि लाभार्थी एकच असल्याने वादाला जागा नाही.

शेताचे तसे नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीतून जे अण्णांच्या हाती आले, ते त्यांच्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जितच राहिले. त्यात मुलग्यांना जन्मतः हक्क होता, आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने तो मुलीलाही मिळाला. गावातील मंडळी जे १९९४ सांगतात ते अगदीच निराधार नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार, केले, तेव्हा त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. पण ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मतः आहे आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही, असे स्पष्ट केले. आपले अण्णा तर गेल्या वर्षापर्यंत होते. तेव्हा बहिणीचे लग्न १९९१ मध्ये झाले की २००१ मध्ये, याने आज काहीही फरक पडत नाही. दुर्दैवाने १९९४ ची ही गोष्ट अजून पारावर सांगितली जाते, आणि ती ऐकून कित्येक बहिणी गप्प बसतात.

हिशेब गुंठ्यांत मांडते. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे. अण्णांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कायदा गृहीत धरतो. त्या कल्पित वाटणीत अण्णा, आपण दोघे भाऊ आणि बहीण यांना प्रत्येकी एक वाटा, आणि आपल्याकडच्या परंपरेप्रमाणे पत्नीलाही मुलाइतका वाटा मिळतो. या हिशेबाची रीत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या, आपल्याच भागातून गेलेल्या प्रकरणात घालून दिली. पाच वाटे, प्रत्येकी २० गुंठे. मृत्युपत्राने अण्णांना फक्त त्यांचे २० गुंठे देता आले, ते आपणा दोघा भावांत १०-१० गेले. म्हणजे आपण दोघे प्रत्येकी ३०, आई २० आणि बहीण २०. मृत्युपत्र नसतेच तर अण्णांचे २० गुंठे चौघांत पाच-पाच गेले असते आणि प्रत्येकाचे २५ झाले असते. तेव्हा त्या ‘निम्मे-निम्मे’ने बहिणीचे पाच गुंठे कमी झाले, सगळा हिस्सा गेला नाही.

२०१४ च्या मुद्रांकाविषयी. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वतःच्या मिळकतीतील पुढे मिळू शकणारा वारसा ही केवळ आशा असते, आणि अशी आशा कोणाला देता किंवा सोडता येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६ मध्येच आहे. शेतात बहिणीला तेव्हाही प्रत्यक्ष हक्क होता, पण स्थावरातील हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही. तो कागद फाइलमध्ये राहू द्या, त्यावर कोणतेही काम उभे करू नका.

घराविषयी मात्र मला आपल्याला एक प्रश्न विचारणे भाग आहे. आपल्याला आत्या आहेत काय?

उत्तर : शिवाजीपेठकर

मॅडम, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. होय, दोन आत्या. थोरल्या आत्या निपाणीला दिल्या होत्या, त्या २०११ मध्ये वारल्या. त्यांची तीन मुले आहेत. धाकट्या आत्या कागलला असतात. घराचे नाव अण्णांवर कसे लागले, हे घरात कोणालाच नीट माहीत नाही. आई म्हणते, “तुझ्या आत्त्यांनी तेव्हाच सोडलंय.” याहून अधिक काही नाही.

उत्तर : जुना फेरफार

मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वकीलबाईंनी आत्यांचा प्रश्न का काढला, ते मी कागदाच्या बाजूने सांगतो, कारण अशा शेकडो नोंदी मी पाहिल्या आहेत आणि, खरे सांगायचे तर, तरुणपणी अशा काही नोंदी माझ्या सहीनेही गेल्या आहेत.

नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा केवळ आजचा उतारा आणू नका. १९७३ च्या नोंदीमागचा अर्ज, जबाब आणि जोडलेली कागदपत्रे यांची नक्कल मागा. कार्डाच्या खालच्या भागात दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक आणि साक्षांकन असे रकाने असतात. ‘व्यवहार’ या रकान्यात नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक असेल तर आत्यांनी रीतसर हक्क सोडला आहे. तेथे नुसते ‘वारसाने’ किंवा ‘वर्दीवरून’ (म्हणजे दिलेल्या खबरीवरून) असेल, तर बहुधा असे झाले असणार, की आजोबांचे दिवसकार्य उरकल्यावर अण्णांनी अर्ज दिला, दोघी आत्यांनी ‘आमची हरकत नाही’ असा जबाब दिला आणि साहेबांनी एकच नाव लावले. त्या काळात हे इतके रूढ होते, की कोणाला त्यात वावगे वाटत नसे. सातबाऱ्यावर निदान बहिणींची नावे ‘इतर हक्क’ रकान्यात तरी जात. प्रॉपर्टी कार्डावर ती पुष्कळदा कोठेच राहिली नाहीत.

परंतु जबाबाने नाव कमी होते, हक्क कमी होत नाही. महसुली नोंद ही सारा कोणी भरायचा हे ठरवण्यासाठी असते, मालकी ठरवण्यासाठी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

आणखी एक सांगतो. वाटणीपत्र १९६४ चे असल्याने ते करवीरच्या दुय्यम निबंधकांच्या जुन्या बुकात मिळेल. त्याची सूची-नक्कल आणि त्याच वर्षाच्या आसपासचा फेरफार असे दोन्ही काढून एकमेकांशी ताडून पाहा. वाटणीपत्रातील जमिनीचा क्रमांक आणि आजचा गट क्रमांक यांत जमिनींच्या एकत्रीकरणामुळे फरक असू शकतो. पणजोबांच्या वेळचे संस्थानी कागद मोडी लिपीत असले तर घाबरून जाऊ नका. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.

उत्तर : बावड्याच्या वाटेवर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आता घराचा कायदा सांगते, आणि तो आपल्याला कदाचित जड जाईल.

आजोबांची म्हणून जी मिळकत आली ती सगळी वडिलोपार्जित, असे आपण बोलतो. कायदा तसे मानत नाही. घर आजोबांनी स्वतः खरेदी केले आणि ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानंतर, मृत्युपत्राशिवाय वारले. अशा वेळी ते घर कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गातील वारसांकडे, म्हणजे आजी, अण्णा आणि दोन आत्या यांच्याकडे प्रत्येकी एकचतुर्थांश गेले. मुलाच्या वाट्याला असे आलेले त्याचे स्वतःचे असते, नातवंडांचा त्यात जन्मतः हक्क नसतो, हे १९८६ च्या चंदर सेन निकालापासून पक्के झाले आहे. म्हणून या घरात आपल्या बहिणीला जन्माचा हक्क नाही, आणि आपल्यालाही नव्हता. पुढे १९८९ मध्ये आजी गेल्यावर तिचा चतुर्थांश तिघा मुलांत गेला. म्हणजे अण्णा एकतृतीयांश, कागलच्या आत्या एकतृतीयांश, आणि निपाणीच्या आत्यांचा एकतृतीयांश आज त्यांच्या वारसांचा.

१९७३ चा नोंदणीकृत दस्त निघाला नाही, तर अण्णांनी मृत्युपत्राने आपल्याला दिले ते घराचा तिसरा हिस्सा. पन्नास वर्षे आम्हीच राहतो, घरफाळा आम्हीच भरतो, हे म्हणणे येथे पुरत नाही, कारण एका सहवारसाचा ताबा हा सर्वांच्या वतीने ताबा समजला जातो, आणि दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारल्याचे दाखवल्याशिवाय तो विरोधी ताबा होत नाही. आत्यांनी मागितले नाही म्हणून हक्क सोडला, असेही नाही. २००५ पर्यंत कायद्यात कलम २३ होते, आणि राहत्या घराची वाटणी मुलग्यांनी मागितल्याशिवाय मुलींना ती मागताच येत नव्हती. ते कलम गेले, पण तोवर माहेरचे घर मागायचे नसते ही सवय हाडीमासी खिळली होती.

ठेवींबद्दल दोन वाक्ये. मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नाही आणि उरलेल्या मिळकतीविषयीचे कलमही नसेल, तर ती रक्कम आई, आपण दोघे आणि बहीण अशी चौघांची समान आहे. बँक ती ज्या नॉमिनीच्या हाती देईल, त्याने ती चौघांसाठी घ्यायची आहे. सोसायटीचे कर्ज आधी फेडा. वारसांवर ती जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते, पण सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याशिवाय पुढची कामे अडतात.

उत्तर : वस्त्रनगरीतील वाचक

मी कायद्याची जाणकार नाही. मी हक्कसोडपत्रावर सही केलेली बहीण आहे, म्हणून लिहिते.

बाबांचे तेराव्याचे जेवण झाले आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघी बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकांकडे नेले. कार्यालयात गर्दी होती. आमचा क्रमांक पुकारला तेव्हा टेबलावरच्या छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवले, डाव्या हाताचा अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला, तो उमटेना म्हणून एका मुलाने माझे बोट रुमालाने पुसले आणि पुन्हा दाबले. चौदा पानांचा दस्त होता. प्रत्येक पानाच्या खाली सही करताना मला फक्त माझे माहेरचे नाव दिसत होते, ते पहिल्यांदाच ‘लिहून देणार’ या शब्दांपुढे आलेले. कोणी वाचून दाखवले नाही, आणि मी मागितलेही नाही, कारण मागितले असते तर भावाला वाटले असते की माझा विश्वास नाही. बाहेर आल्यावर वहिनींनी साडीचोळी दिली. मी ती आनंदाने घेतली.

भाऊ वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगते. सात वर्षांनी तो अपघातात गेला. त्यानंतर ती जमीन विकली गेली, आणि विकल्याचे मला बाजारात एका ओळखीच्या बाईकडून कळले. त्याच वर्षी आमचे माग बंद पडले होते आणि मुलीची फी भरायची होती. मला जमिनीचा तुकडा गेल्याचे तितके दुःख झाले नाही, जितके याचे झाले, की मी काय देत आहे ते मला कोणी सांगितले नव्हते. ते सांगितले असते तर कदाचित मी तरीही दिले असते, आणि दिल्याचे समाधान मला मिळाले असते.

आपण बहिणीला दस्त द्यायचाच असेल तर तो आधी तिच्या घरी, सांगलीला पाठवा. तिला तो तिच्या माणसाकडून, तिच्या वकिलाकडून वाचून घेऊ द्या. गुंठे किती आणि आजचा भाव काय, हे त्यात आकड्यांनी लिहा. आणि तिला हे स्वतःच्या तोंडाने सांगा, की सही नाही केलीस तरी दिवाळीला तुझे ताट या घरात वाढलेले असेल. बहिणी सही करतात ती पुष्कळदा त्या ताटासाठी करतात.

उत्तर : शिवाजीपेठकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. या काळात जे झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

नगर भूमापनकडून नक्कल मिळाली. ‘व्यवहार’ रकान्यात ‘वारसाने, वर्दी अर्जावरून’ एवढेच आहे. सोबतच्या जबाबावर दोघी आत्यांचे अंगठे आहेत. थोरल्या आत्या सातवी शिकलेल्या होत्या, त्यांचे पत्राचे अक्षर मला चांगले आठवते. तरीही त्या कागदावर अंगठाच आहे. तो पाहून मी बराच वेळ तेथील बाकावर बसून राहिलो.

त्या रविवारी बहिणीला आणि भाऊजींना बोलावले, पुण्याहून धाकटाही आला. आईसमोर मी वकीलबाईंचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. २० गुंठे हा आकडा ऐकून बहीण काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मला कसायला यायचं नाही दादा, पण सातबाऱ्यावर माझं नाव लागू दे. अण्णांच्या नावाखाली माझं नाव कधी कुठं लागलेलंच नाही.” धाकट्याने लगेच होकार दिला. मला भीती होती ती त्याची, कारण पुण्यातील घराचे हप्ते चालू आहेत; त्याच्यावर मी अविश्वास दाखवला याची मला खंत आहे.

कागलच्या आत्यांकडे मी एकटाच गेलो. त्यांना सगळे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की १९७३ मध्ये त्यांना ‘सही कर’ एवढेच सांगण्यात आले होते. घर त्यांना नको आहे, पण निपाणीच्या भाचरांचे त्या सांगू शकत नाहीत. भाचरांशी फोनवर बोलणे झाले आहे. ते आपला हिस्सा मागतील असे दिसते, आणि तो त्यांचा आहे. घराचे मूल्यांकन करून घेऊन रक्कम हप्त्यांनी द्यावी, अशी माझी तयारी आहे. मामांचे प्रतिज्ञापत्र गडहिंग्लजला जाऊन करून घेतले.

आता दोन प्रश्न उरतात. शेतावर चौघांची नावे लावताना मृत्युपत्र जोडावे की जोडू नये? आणि आईच्या २० गुंठ्यांचे पुढे काय करावे?

उत्तर : जुना फेरफार

मृत्युपत्र जोडा, लपवू नका. ते जोडून, आणि वडिलोपार्जित हिश्शांबाबत चौघांचे एकमत असल्याचे लेखी देऊन, हिश्शांसह नोंद मागा. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करता येतो. ग्राम महसूल अधिकारी नमुना ९ ची नोटीस काढतील, पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील. खरे तर मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, आणि २०२५ मध्ये शासनाने मयत खातेदारांसाठी जिवंत सातबारा मोहीम घेतल्यापासून ही कामे पूर्वीपेक्षा लवकर होतात. प्रमाणित फेरफार हाती आल्यावर सातबारा काढून हिस्से बरोबर चढले आहेत काय ते लगेच पाहा. तेथे चूक झाली तर दुरुस्तीला वर्ष जाते.

सरसनिरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून प्रत्यक्ष, वाटप लगेच करायचे नसेल तर सामाईक राहू द्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे संमतीने वाटप करता येईल. बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते, १० गुंठे असल्याने २० गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदीत अडकणार नाही. मात्र विहीर, पाइपलाइन आणि बांधावरून जाणारी वाट कोणाकोणाची, हे वाटपात शब्दांनी लिहून घ्या. भांडणे जमिनीवरून होतात त्याहून अधिक पाण्याच्या पाळीवरून होतात.

उत्तर : बावड्याच्या वाटेवर

आईंच्या २० गुंठ्यांच्या त्या पूर्ण मालक आहेत, त्यावर कोणाची परवानगी लागत नाही. त्यांनी काही केले नाही तर ते त्यांच्या पश्चात आपणा तिघा भावंडांना समान जातील, आणि तेच त्यांच्या मनात असेल तर मृत्युपत्राची गरजही नाही. वेगळे काही मनात असेल तर मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, आणि त्या हवे तेव्हा बदलू शकतात. हयातीतच द्यायचे म्हटले तर शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुलगा-मुलीच्या बाबतीत मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, पण ते एकदा झाले की परत घेता येत नाही, म्हणून या वयात मी तो सल्ला सहसा देत नाही.

त्यांच्याशी बोलायला मात्र आपण तिघांपैकी कोणी बसू नये. मृत्युपत्रात ज्याला लाभ होणार तोच लिहिताना शेजारी बसलेला असला, की १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून न्यायालय त्याकडे संशयाने पाहते, आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. त्यांना एकटीला त्यांच्या पसंतीच्या वकिलाकडे नेऊन सोडा आणि बाहेर थांबा. साक्षीदार त्यांच्याहून वयाने बरेच लहान असावेत, घरचे नसावेत, आणि त्यांपैकी एक त्यांचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. व्यवस्थापकाचे नाव लिहायला विसरू नका; अण्णांच्या कागदात नेमके तेच राहून गेले.

निपाणीच्या भाचरांशी ठरलेली रक्कम आणि हप्ते यांचा मसुदा तयार झाला, की दस्त नोंदवण्यापूर्वी एकदा येथे मांडा. त्यांचा पूर्ण हिस्सा सुटायचा तर तिघांनीही दस्त करून द्यायला हवा, एकाने केलेला पुरणार नाही. त्यांचे वडील हयात असतील तर पतीलाही वाटा जातो, तेव्हा सही चौघांची लागेल. हे फोनवर विचारून घ्या.